होला ऊन खात होता

घुबडाचं पिल्लू पोटावर झोपतं. गाल फांदीला टेकवून, पालथं. डोकं अंगाच्या मानानं जड असतं, म्हणून.

क्रेनच्या केबिनपर्यंत दोनशे बारा पायऱ्या. लोखंडी, उभ्या शिडीच्या. चढायला अकरा मिनिटं, उतरायला नऊ.

बाबा खुर्चीत बसून झोपतात. आडवं पडलं की धाप लागते.

फोन तिसऱ्या रिंगच्या आत उचलायचा, असा आमच्याकडे नियम आहे.

पिवळं हेल्मेट उलटं धरलं तर त्यात एक होला नीट मावतो.

"जिवंत आहे का?" हा प्रश्न मी दिवसातून वीस वेळा विचारते. अनोळखी माणसांना.

*

तो आला तेव्हा मी टेबलावर वर्तमानपत्र अंथरत होते. आमचं पक्ष्यांचं हॉस्पिटल म्हणजे तीन खोल्या, एक डॉक्टरबाई, आणि दाराशी मी. फोन घेणारी, खोकी उघडणारी, वही लिहिणारी. दारात एक उंच माणूस उभा राहिला. हातात उलटं हेल्मेट, त्यावर झाकलेलं जाकीट. काठोकाठ दूध भरलेलं भांडं धरावं तसं त्यानं ते धरलं होतं.

"मघाशी फोन केला होता," तो म्हणाला. "होला. तुम्ही म्हणालात, घेऊन या."

"मी सगळ्यांनाच तसं म्हणते." हे मी का बोलले कोण जाणे.

"म्हणजे मी काही खास नाही."

मी मान वर केली नाही. कान मात्र गरम झाले, आणि ते लाल दिसत असतील या काळजीनं आणखी गरम झाले.

डॉक्टरबाईंनी जाकीट बाजूला केलं. होल्याला उचललं, उलटंसुलटं केलं, पंख पसरून पाहिले, छातीवर अंगठा दाबला.

"ह्याला काय झालंय? काही नाही. खाऊन पिऊन गुबगुबीत आहे."

"पडला होता हो. एका कुशीवर. एक पंख असा वर, चोच उघडी. मेल्यासारखा."

"ऊन खात होता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कडक उन्हात पक्षी असे पसरतात. पिसांमधले किडे तापून हैराण होतात, बाहेर येतात. मग हे चोचीनं टिपतात. त्या वेळी इतके गुंग असतात, की बघणाऱ्याला वाटतं, संपला."

तो थोडा वेळ होल्याकडे बघत राहिला. "म्हणजे मी याला आंघोळीतून ओढून आणलं."

"टॉवेलसुद्धा न देता," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

मी वही पुढे ओढली. दुपारची नोंद माझ्याच अक्षरात होती.

*पक्षी:* होला.
*स्थिती:* कुशीवर, पंख वर, चोच उघडी, हालचाल नाही.
*काय सांगितलं:* अंगावर कापड टाकून उचला, घेऊन या.

वहीत 'कुठे' असा रकानाच नव्हता.

"कुठे सापडला हा?" मी आता विचारलं.

"वर."

"वर म्हणजे?"

त्यानं हनुवटीनं माझ्या मागची खिडकी दाखवली. चार गल्ल्या पलीकडे एक उंच इमारत उठत होती, तिच्या डोक्यावर क्रेन. "केबिनच्या मागचा जो दांडा आहे ना, त्याच्या टोकाला वजनाचे ठोकळे असतात. तापतात मस्त. तिथे पडला होता."

"तुम्ही तिथे गेलात?"

"तुम्ही म्हणालात ना."

माझ्या बोटांतलं रक्त कुठेतरी निघून गेलं. तेही त्याला दिसलं असावं, कारण तो घाईनं म्हणाला, "पट्टा लावला होता. फक्त... खाली न सांगता गेलो."

मागच्या खिडकीतून आम्ही होल्याला सोडलं. तो क्षणभर कठड्यावर बसला, अंग फुगवून झटकलं, आणि थेट क्रेनच्या दिशेनं उडाला.

"हा लागला कामाला," तो म्हणाला. "मला मात्र न सांगता गेल्याबद्दल आठ दिवस वर पाय ठेवायचा नाही."

*

मी सगळ्यांना "घेऊन या" का म्हणते, ते.

गेल्या वर्षी एका आजींचा फोन आला. अंगणात पक्षी पडलाय, पंख पसरून. मी हसून म्हणाले, आजी, ऊन खातोय, असू द्या. संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन. काही चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "गेला गं तो."

त्यानंतर मी कोणालाच "असू द्या" म्हटलेलं नाही. बगळा एका पायावर उभा आहे? घेऊन या. बदकानं चोच पाठीत खुपसली आहे? घेऊन या. लोक बिचारे धडधाकट पक्षी खोक्यांत कोंबून आणतात, डॉक्टरबाई तपासतात, माझ्याकडे बघतात, सोडून देतात. आणि परवा एक माणूस साठ मीटर उंचीवर, मोकळ्या वाऱ्यात, माझ्या एका वाक्यासाठी चालत गेला.

*

आठ दिवसांतला तिसरा दिवस. साडेबारा.

"पक्ष्यांचं हॉस्पिटल, बोला."

"पक्षी नाहीये."

आवाज ओळखायला मला अजिबात वेळ लागला नाही, याचीच भीती वाटली. "मग?"

"जमिनीवर आहे मी. इथून काही दिसत नाही. म्हटलं, तुमच्या बाजूला काही दिसतंय का विचारावं."

"हा नंबर आजारी पक्ष्यांसाठी आहे."

"आठ दिवस पंख कापलेत माझे. नियमात बसतो का?"

मला हसू आलं. हसू येताना फोन ठेवला गेला. मग पुढचे दोन तास मी विचार करत बसले: फोन आपटल्यासारखा वाटला असेल का? नंबर वहीत होता. चार वाजता मी तो लावला.

"मघाशी... चुकून ठेवला गेला."

"मला वाटलं, रेंज गेली."

"आणि तुमचं काम माझ्यामुळे..."

"तुमच्यामुळे पाठ सरळ झाली. केबिनचं छत फार खाली आहे." मग तो म्हणाला, "पण खरं सांगायचं तर राग आला होता. पहिल्या दिवशी. उंटावरून शेळ्या हाकतात लोक, असं म्हणालो."

"मग?"

"मग आठवलं की उंटावर तर मी बसलोय."

*

तो वर परतला. जेवायला खाली उतरणं परवडत नाही, येण्या-जाण्यातच सुट्टी संपते. त्यामुळे साडेबारा ते एक तो वरच असायचा. डबा मांडीवर, फोन कानाशी. माझा डबा टेबलाच्या खणात.

वही मी तरीही लिहायची. कामाचा फोन आहे, असं डॉक्टरबाईंना वाटावं म्हणून. त्यांना कधीच तसं वाटलं नाही.

*मंगळवार. पक्षी:* बगळा, खालच्या पाण्याच्या टाकीवर. *स्थिती:* एका पायावर, तासभर.

"दुसरा पाय दुखतोय का त्याचा?"

"नाही. गरम ठेवलाय. पायांना पिसं नसतात ना, तिथूनच ऊब निघून जाते. म्हणून एक पोटाखाली घेतो. मग पाळी बदलतो."

"मला जमेल?"

"काय?"

"आत्ता उभा आहे एका पायावर. बघा तुमच्या खिडकीतून."

"मला एवढ्या लांबून दिसत नाही." दिसत होतं. काचेतला एक ठिपका. तेवढा.

*गुरुवार. पक्षी:* बदकं, पाच, नव्या इमारतीच्या गच्चीवर साचलेल्या पाण्यात. *स्थिती:* ओळीनं झोपलेली. कडेच्या दोघांचा एकेक डोळा उघडा.

"त्यांना झोप येत नाहीये का?"

"अर्धा मेंदू झोपलाय. अर्धा जागा. ओळीच्या कडेला जे असतं, ते बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून झोपतं."

"आणि मधली?"

"मधली निवांत."

वाऱ्याचा आवाज येत होता. "तुम्ही कडेच्या आहात," तो म्हणाला. "आवाजावरून कळतं."

मी वहीत काहीतरी खरडलं. नंतर पाहिलं, तर 'काय सांगितलं' या रकान्यात मी नुसती एक रेघ ओढली होती.

*सोमवार. पक्षी:* नाही. *स्थिती:* "तुम्ही मला अहो-जाहो कधीपर्यंत करणार?" *काय सांगितलं:* कळवते.

*

मग वादळाचा दिवस. दुपारी तीनला आभाळ काळं झालं, खिडक्या आपटायला लागल्या. मी खिडकी लावायला उठले आणि क्रेन दिसली. तिचा लांबच लांब हात गोल फिरत होता. हळूहळू, आपोआप, कुणी चालवत नसल्यासारखा.

माझ्या हातून फोन दोनदा खाली पडला. तिसऱ्या वेळी लागला.

"तुझी क्रेन सुटलीय," मी ओरडले. "ती फिरतेय. ब्रेक गेलाय. तू कुठे आहेस?"

"खाली. चहा पितोय." मग तो सावकाश म्हणाला, "सुटली नाहीये. मीच सोडलीय. मोठा वारा असला की ब्रेक काढून खाली उतरायचं असतं. वारा जिकडे वळवेल तिकडे वळते. बांधून ठेवली तर मोडेल."

"अशीच ठेवतात?"

"अशीच विश्रांती घेते ती."

मी खुर्चीत बसले.

"काय गं," तो म्हणाला, "तू म्हणालीस मला."

"घाबरले होते."

"मग वारा येत राहू दे."

"सकाळी विचारलं तेव्हा म्हणालास, झुळूक आहे. ही झुळूक?"

"सकाळी झुळूकच होती..." त्यानं आवाज उतरवला. "नाही. सकाळीही जोर होता. तू जेवली नसतीस."

त्या दिवशी मी खरंच जेवले नव्हते. तो खोटं बोलला म्हणून नव्हे. मला आतून कळलंच होतं म्हणून.

*

तो घरी आला तो रविवार. संध्याकाळी पाच. बाबा खुर्चीत, मान छातीवर, डोळे मिटलेले. मी दारात थांबून सवयीनं त्यांच्या सदऱ्याची तिसरी गुंडी बघितली. वर, खाली. वर, खाली.

"झाले का मोजून?" बाबा डोळे न उघडता म्हणाले. "आहे अजून."

माझ्यामागे तो हसू दाबत उभा होता. बाबांनी एक डोळा उघडला. "हे कोण? रोज साडेबाराला वरून फोन येतो म्हणतेस, ते वरचे हेच का?"

"हो," तो म्हणाला.

"न्यायला आलात की काय मला?"

"नाही, काका. तुमची ऑर्डर निघालेली नाही अजून. सहज आलो, चहाला."

बाबा एवढे हसले की खोकला लागला. मी पाणी आणायला धावले. परत आले तर तो खुर्चीमागे उशी नीट करत होता, आणि बाबा त्याला सांगत होते, "ही पाच मिनिटं जरी गप्प बसलेली दिसली ना, तर समजायचं, आजारी आहे. काळजी करत बसते तेव्हा ठणठणीत असते."

जाताना, जिन्यात, तो एकदम थांबला. मी एक पायरी वर होते, त्यामुळे आमचे डोळे पहिल्यांदाच एका उंचीवर आले. त्याच्या भुवईत सिमेंटची भुकटी होती. ती पुसावी असं वाटलं... हात उचललाही. मग तो हात मी कठड्यावर ठेवला.

"इमारत झाली," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी क्रेन उतरवणार."

"मग?"

"दोन कामं आहेत समोर. एक, बसनं चार तास लांब. हिच्यापेक्षा दीडपट उंच क्रेन. दोन वर्षं. दुसरं, इथंच. गोदामात, जमिनीवरचं मशीन चालवायचं. खोकी इकडून उचलून तिकडे." तो कठड्यावरच्या माझ्या हाताकडे बघत होता. "शुक्रवारी एक वाजेपर्यंत ऑफिसला कळवायचंय. तू सांग."

"मी?"

"तू थांब म्हणालीस तर थांबतो. अगदी आनंदानं. खोकी तर खोकी."

*

शुक्रवारपर्यंत मी काय काय केलं:

चार तास दूरच्या त्या गावात आठवडाभर वारा किती असेल ते रोज तीनदा बघितलं.

दीडपट उंच म्हणजे किती पायऱ्या, याचा गुणाकार केला. तीनशे अठरा. मग तो कागद फाडला.

बुधवारी त्याचा फोन तिसऱ्या रिंगनंतरही उचलला नाही. गुरुवारी उचलला आणि विचारलं, "जेवलास का?" तो म्हणाला, "हो." दोघंही अर्धा तास फोन धरून होतो. त्यानं पक्ष्याचं काही सांगितलं नाही.

"थांब" हा शब्द तोंडातच होता. सोपा होता. जमिनीवर राहील, माझ्या खिडकीच्या अलीकडे राहील, पडणार नाही. साडेबाराला भीती नाही. मी निवांत झोपेन. मधल्या बदकासारखी.

गुरुवारी डॉक्टरबाईंनी एक खोकं माझ्यासमोर ठेवलं. आत एक साळुंकी, घाबरून कोपऱ्यात दबलेली. सकाळी मीच "घेऊन या" म्हटलं होतं.

"काही झालेलं नाही हिला," त्या म्हणाल्या. "येताना धडपडून दोन पिसं मात्र मोडलीत. तेवढी आपली कमाई."

मी मोडलेली पिसं खोक्यातून उचलून टेबलावर ठेवली.

"आजींचा तो पक्षी," त्या म्हणाल्या. "आणला असतास तरी गेला असता. मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस, कारण तुला स्वतःला बोल लावायचा होता. लाव. पण त्यासाठी गावातले सगळे पक्षी खोक्यात घालू नकोस."

"आणि चुकलं तर?"

"चुकेल. मीही चुकते." त्यांनी साळुंकीचं खोकं उचललं. "तुझं सगळं लक्ष आपल्या हातून चूक होऊ नये याकडे. समोरच्याकडे कधी बघणार?"

*

शुक्रवार. सव्वाबारा. मी फोन सोडून निघाले. माझ्या जागी डॉक्टरबाई स्वतः बसल्या. त्यांनी काही विचारलं नाही.

क्रेनच्या समोर, रस्त्यापलीकडे, गाड्या ठेवायची एक उंच इमारत आहे. तिच्या गच्चीवर पोचले तेव्हा श्वास लागला होता. बारीक पाऊस होता, धुक्याइतका. समोर, जवळजवळ माझ्याच पातळीवर, केबिनची काच. आणि काचेत, ठिपका नव्हे, तो. छत खाली असल्यानं मान किंचित वाकवून उभा. हातात डबा, झाकण उघडायचं राहिलेलं.

मी फोन लावला. तो फोन शोधत इकडे तिकडे वळला, आणि वळता वळता मला दिसला... म्हणजे मी त्याला दिसले. डबा त्यानं अगदी हळू खाली ठेवला.

"तू तिथे काय करतेयस? भिजशील."

"भिजतेय. आधी वारा किती ते सांग."

"झु—" तो थांबला. त्यानं समोरच्या यंत्रावर बघितलं. "सेकंदाला नऊ मीटर. कामाला चालतो. मला आवडत नाही एवढा, पण चालतो."

"रोज असंच सांगायचं."

"रोज?"

"तिथूनही. दोन वर्षं." वाक्य मागे घ्यावंसं वाटलं नाही. "तू जा."

तो काचेला हात लावून उभा राहिला. पावसानं काच पुसट होत होती. त्यानं ती आतून बाहीनं पुसली, आणि पाणी बाहेरून असल्यामुळे काहीच फरक पडला नाही. "नक्की?"

"नक्की नाही. मला काहीच नक्की वाटत नाही, तुला माहीत आहे. पण मी तुला थांब म्हणाले असते ना, तर ते माझ्या झोपेसाठी. तू खोकी उचलत बसला असतास आणि मी तुझ्याकडे बघून म्हणाले असते, बघा, सुरक्षित आहे."

"मी खूश असतो."

"एक महिना."

त्यानं बोटांवर मोजलं. मग, "दीड," म्हणाला.

"मी घाबरेन. रोज घाबरेन. ते माझं मी बघेन. तू फक्त खरं सांग, पट्टा लाव, आणि..."

"आणि?"

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. माझे केस कपाळाला चिकटले होते. एवढ्या उंचीवर मी आयुष्यात पहिल्यांदाच कठड्याशी उभी होते आणि कठडा धरायला विसरले होते.

"आणि मला तू आवडतोस. फार. किती दिवसांपासून ते विचारू नकोस, वहीत बघून सांगावं लागेल."

पलीकडून नुसता वारा. मग त्याचा आवाज, जरा खरखरीत. "ऐकू नाही आलं. इथे फार वारा आहे."

"नऊ मीटर आहे. आलंय ऐकू."

"आलंय," तो म्हणाला. "तरी पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हणाले. तो काचेमागे हळूहळू खाली बसला, आणि मला त्याचं फक्त डोकं दिसायला लागलं, आणि कानाशी धरलेला फोन.

"दर दुसऱ्या रविवारी येईन," तो म्हणाला. "सकाळच्या बसनं. काकांना सांग, वरचे येतील, पण रिकाम्या हातानं परत जातील."

"मधल्या रविवारी मी येईन."

"चार तास?"

"घाबरायला तेवढा वेळ लागतोच मला."

एक वाजायला दहा मिनिटं होती. "ऑफिसला फोन करतो," तो म्हणाला, पण माझा फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. शेवटी त्यानं दुसऱ्या हातानं केबिनमधला वायरलेस उचलला आणि खाली सांगितलं, की ऑफिसला कळवा, मी जातोय, मोठ्या क्रेनवर. ते मी माझ्या कानानं ऐकलं. भीती होतीच. तरी मी हसत होते.

त्या गच्चीवर त्या दिवशी जायला मनाई होती. जिन्याच्या तोंडाशी दोरी आणि पाटी लावलेली होती, आणि मी दोरी उचलून खालून गेले होते.